खड्ड्यातली वाळू

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी आम्हाला सांगितलं होतं की, प्रत्येकाने पंधरा-वीस मिनिटं अशा विषयावर बोलायचं, जो आपल्याला थोडाफार माहीत आहे आणि बाकीच्यांना नाही. अट एकच, नोकरी, फ्लॅट आणि मुलांचे मार्क यांवर बोलायचं नाही. ही अट वाचून निम्म्या वक्त्यांनी नावं मागे घेतली असं ऐकलं. मी विषय कळवला, ‘गोल्फच्या मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातून चेंडू बाहेर काढणं अवघड का असतं?’ त्यावर आपल्या ग्रुपवर जे काही आलं, ते इथे वाचून दाखवता येणार नाही, कारण समोर बाई बसल्या आहेत. एकाने मात्र साधा प्रश्न विचारला, “अगं, आपल्या गावात रस्त्यावरचे खड्डे काय कमी आहेत, म्हणून तू गोल्फचे खड्डे शोधायला गेलीस?”

प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगते की, शेवटी मी आपल्याच शाळेच्या एका खड्ड्यापाशी येणार आहे. मैदानाच्या कोपऱ्यातला, लांब उडीचा. पण वाट जरा लांबची आहे.

मी काही मोठी गोल्फ खेळणारी नाही. कामाच्या निमित्ताने सहा वर्षांपूर्वी काठी हातात घेतली. महिन्यातून दोनदा जाते आणि बहुतेक वेळा हरते. ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर चॅनेल बदलताना पाहिला आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १८ छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रात सेहेचाळीस ग्रॅमचा एक चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. छिद्राभोवती गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. आणि त्या ग्रीनच्या आजूबाजूला, नेमका चेंडू जिथे घरंगळत जाईल तिथे, वाळूचे खड्डे असतात. त्यांचं नाव बंकर.

हा खड्डा मूळचा कुणी खणलेला नाही असं सांगतात. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या वालुकामय पट्ट्यात हा खेळ वाढला. तिथे मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा घ्यायला टेकाडांच्या पोटाशी बसायच्या, गवत झिजायचं, वाळू उघडी पडायची आणि वारा ती आणखी उकरायचा. नंतर माणसांनी त्याच खड्ड्यांना आकार दिला आणि पुढे जिथे समुद्र नाही, मेंढ्या नाहीत, तिथेही वाळू ट्रकने आणून ते तयार केले. म्हणजे मेंढीने सोयीसाठी केलेला आडोसा माणसाने स्वतःची गैरसोय करून घ्यायला जगभर नेला.

आता माझी गोष्ट. खेळायला लागून चार-पाच महिने झाले होते. ऑफिसच्या लोकांबरोबर चौघांचा गट, त्यात मी एकटी बाई. सातव्या छिद्राशी माझा चेंडू ग्रीनच्या डाव्या हाताच्या बंकरमध्ये गेला. छिद्र जेमतेम बारा मीटरवर. मी खाली उतरले. पहिला फटका : वाळू उडाली, चेंडू तिथेच. दुसरा : तेच. तिसऱ्याला चेंडू काठापर्यंत चढला आणि परत येऊन माझ्याच पावलाच्या ठशात बसला. वर तिघं उभे. पहिल्या दोन फटक्यांपर्यंत ते काहीतरी धीराचं बोलत होते, नंतर गप्प झाले. ती शांतता फार वाईट असते. पाचव्या फटक्याला चेंडू काठीच्या धारेला लागून गोळीसारखा सुटला आणि ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत गेला. मी सातपर्यंत मोजलं, मग चेंडू हातात उचलला, हसले, म्हटलं, “चला, पुढे जाऊ.”

घरी येऊन ठरवलं, पुन्हा जायचं नाही. आपला प्रांत नाही हा. आणि हे वाक्य मनात आलं तेव्हा लक्षात आलं, हे मी आधी एकदा म्हटलं आहे. कुठे, ते शेवटी सांगते.

दोन महिने गेले नाही. मग एकदा बॅग परत आणायला म्हणून क्लबवर गेले, तर त्या दिवशी माझ्याबरोबर असलेले कॅडी भेटले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलून बरोबर चालणारा माणूस. हे पन्नाशीचे, शेजारच्याच वस्तीतले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, “मॅडम, दहा मिनिटं आहेत का?” आणि मला सरावाच्या बंकरमध्ये घेऊन गेले. चेंडू ठेवला. त्याच्या मागे तीन बोटं अंतर सोडून वाळूत एक रेघ ओढली. मग चेंडू उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, “आता रेघ मारा.”

मी रेघ मारली. “चेंडू हाय असं समजून मारू नका. वाळू भायेर टाका, बस.” वीस-पंचवीस वेळा मी नुसती वाळू बाहेर टाकली. मग त्यांनी न सांगता रेघेपुढे चेंडू ठेवला. मी वाळू मारली, आणि चेंडू तरंगत वर आला आणि ग्रीनवर अलगद बसला. माझ्या काठीचा त्याला स्पर्शही झाला नव्हता.

इथे मी इंजिनिअर जागी झाले. हे झालं कसं?

गोल्फमध्ये बाकी सगळीकडे काठी चेंडूला लागते. बंकरमध्ये ती वाळूला लागते, आणि वाळू चेंडूला बाहेर नेते. हिशेब करून बघू, विज्ञानाच्या सरांसमोर हिशेब न करता बसायची हिंमत नाही. काठी वाळूतून साधारण २० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर खोल असा काप काढते असं धरा. झाले २४० घन सेंटिमीटर. सुट्या वाळूचं वजन घन सेंटिमीटरला दीड ग्रॅम धरलं तर ३६० ग्रॅम. कडा निमुळत्या असतात, म्हणून कमी करा. तरी पाव किलो वाळू उरते. सेहेचाळीस ग्रॅमचा चेंडू बाहेर काढायला पाव किलो वाळू उचलावी लागते, म्हणजे चेंडूच्या पाचपट ओझं. म्हणून बारा मीटरसाठी गवतावर जेवढा जोर लागेल, त्याच्या दुप्पट-तिप्पट जोराने काठी फिरवावी लागते. आणि छिद्र तर समोर दिसतंय! माणसाचा हात आपोआप आखडतो. आखडला की काठी वाळूतच थांबते. माझे पहिले तीन फटके हे असे गेले.

दुसरी चूक याच्या उलट. चेंडू खाली आहे, तो वर काढायचा आहे, म्हणून मनगटाने उलथन्यासारखं उचलायला जायचं. मग धार थेट चेंडूच्या पोटाला लागते आणि चेंडू गोळीसारखा सुटतो. तो माझा पाचवा. म्हणजे तीन बोटांच्या जागी पाच बोटं मागे मारलं तर चेंडू जागचा हलत नाही, आणि बोटभर पुढे मारलं तर तो झाडीत. चुकायला जागा एवढीच.

पूर्वी तर आणखी हाल होते. तेव्हाच्या काठ्यांची धार खुरप्यासारखी वाळूत घुसून रुतायची. जीन साराझेन नावाच्या अमेरिकन खेळाडूने त्या धारेच्या मागच्या बाजूला, खाली, धातूचा जाड फुगवटा झाळून बसवला. विमान वर जाताना शेपूट खाली झुकतं आणि नाक वर उचललं जातं, हे पाहून ही कल्पना सुचली, असं तो सांगत असे. हा फुगवटा होडीच्या तळासारखं काम करतो. काठी वाळूत शिरते, पण बुडत नाही, घसरत पुढे जाते. १९३२ साली साराझेन ब्रिटिश ओपन जिंकला ती हीच काठी घेऊन. आज प्रत्येकाच्या बॅगेत असते ती सँड वेज ही तिचीच नात.

मग योग्य काठी आहे, मामांची रेघ आहे, तरी बंकर अवघड का राहतो? मी त्याची चार कारणं मांडते.

पहिलं कारण खुद्द वाळू. आपली सहल गणपतीपुळ्याला गेली होती ते आठवा. पाण्यापासून लांब, कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत जात होते आणि चपला हातात घ्याव्या लागल्या. पाण्याजवळच्या ओल्या पट्ट्यावर मात्र मुलं कबड्डी खेळली. वाळू तीच. फरक कणांमधल्या पाण्याचा. थोडं पाणी असलं की दोन कणांमध्ये त्याचे बारीक पूल तयार होतात आणि ते कणांना धरून ठेवतात. पुरती कोरडी किंवा पुरती बुडालेली वाळू मात्र धरत नाही. अगदी ओल्या वाळूवर पाय दाबला की पावलाभोवती क्षणभर कोरडी पडल्यासारखी कड दिसते, आठवतं? दाबल्यावर कण एकमेकांवर चढतात, मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८५ साली याचं स्पष्टीकरण दिलं. आम्हाला तेव्हा वाटायचं, पायात जादू आहे.

बंकरमध्ये हेच सगळं खेळणाऱ्याच्या वाट्याला येतं. पावसानंतर घट्ट झालेल्या वाळूवर तो होडीसारखा तळ आपटून वर उसळतो आणि चेंडूच्या मध्यावर बसतो. भुसभुशीत कोरड्या वाळूत उंचावरून पडलेला चेंडू अर्धा गाडला जातो आणि भोवती गोल कडं तयार होतं. गोल्फवाले त्याला ‘फ्राइड एग’ म्हणतात. आपल्याकडे स्टँडच्या टपरीवर मिळतं ते हाफ फ्राय, हुबेहूब तसं दिसतं.

कणांचा आकारही महत्त्वाचा. मोहरीच्या डब्यात बोट घाला, सहज तळाला जातं. खडेमिठात तसं जात नाही, कण एकमेकांत अडकतात. गोल कणांच्या वाळूत चेंडू गाडला जातो, टोकदार कणांच्या वाळूत वर राहतो. म्हणून चांगल्या मैदानांवर वाळू निवडून, चाळून आणतात. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेच्या शिफारशीप्रमाणे बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यान हवेत. त्याहून बारीक माती-गाळ मिसळला की पाणी निचरत नाही आणि वर पापुद्रा धरतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेत ऑगस्टाला दरवर्षी मास्टर्स स्पर्धा होते. तिथली पांढरीशुभ्र वाळू नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइन भागातून येते. फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या खाणकामात मागे उरलेला तो क्वार्ट्झ. आणि याच भागातल्या अतिशुद्ध क्वार्ट्झपासून ज्या मुशी बनतात, त्यांत कॉम्प्युटरच्या चिपसाठी लागणारं सिलिकॉन वितळवतात. म्हणजे माझी नोकरी आणि माझी फजिती, दोन्ही एकाच डोंगरातून निघतात.

दुसरं कारण खड्ड्याची रचना. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत. त्यातला सतराव्या छिद्राचा ‘रोड बंकर’ सगळ्यात बदनाम. वरून पाहिला तर लहानसा. पण भोवतालची जमीन त्याच्याकडे अशी उतरती आहे की जवळपास आलेला चेंडू तो गिळून टाकतो. भिंत जवळजवळ उभी, हिरवळीचे थर चिऱ्यांसारखे एकावर एक रचून बांधलेली. वर ग्रीनची अरुंद पट्टी आणि पलीकडे लगेच रस्ता आणि दगडी भिंत. कमी मारलं तर चेंडू परत पायाशी, जास्त मारलं तर रस्त्यावर.

१९७८च्या ब्रिटिश ओपनमध्ये जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा तिसऱ्या दिवशी छान खेळत होता. या छिद्राला त्याने दोन फटक्यांत ग्रीन गाठली. तिथून चेंडू छिद्राकडे हलकेच ढकलला, तर तो उतारावरून वळून थेट या बंकरमध्ये. बाहेर पडायला चार फटके गेले. चार फटक्यांत संपवायच्या छिद्राला त्याला नऊ लागले. लोक गंमतीने त्या खड्ड्याला नाकाजिमाची वाळू म्हणू लागले. तो नवशिका होता का? नाही. त्याच मैदानावर चौदाव्या छिद्राच्या ‘हेल बंकर’मध्ये १९९५ साली जॅक निकलसलाही चार फटके लागले, आणि मोठ्या स्पर्धांची १८ विजेतेपदं मिळवणारा दुसरा माणूस नाही. २००० साली टायगर वुड्स इथे आठ फटक्यांच्या फरकाने जिंकला. त्याचं रहस्य म्हणून सांगतात ती गोष्ट अशी की, चार दिवसांत, ७२ छिद्रांत, तो एकाही बंकरमध्ये गेला नाही. म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा बंकरवरचा सर्वोत्तम उपाय काय, तर तिकडे जायचंच नाही. हा सल्ला आपल्याला देऊन काही उपयोग नाही.

तिसरं कारण नियम, आणि हे माझ्या मते सगळ्यात क्रूर आहे. गवतावर तुम्ही काठी जमिनीला टेकवू शकता, चारदा फिरवून बघू शकता. बंकरमध्ये चेंडूच्या लगेच मागे-पुढे काठी टेकवायची नाही. सराव म्हणून फिरवताना ती वाळूला लागू द्यायची नाही. वाळू कशी आहे हे हाताने, काठीने, दाताळ्याने तपासायचं नाही. केलंत तर दोन फटके दंड. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगला परवानगी नाही, कोड थेट प्रॉडक्शनवर टाकायचा.

२०१० साली अमेरिकेत व्हिसलिंग स्ट्रेट्सला पीजीए स्पर्धेच्या शेवटच्या छिद्राशी डस्टिन जॉन्सन एका फटक्याने पुढे होता. त्या मैदानावर हजाराच्या आसपास वाळूचे खड्डे आहेत. त्याचा चेंडू प्रेक्षकांनी तुडवलेल्या उघड्या जागेत पडला. ती जागा बंकर आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि त्याने काठी टेकवली. दोन फटके दंड झाला आणि बरोबरीत आलेल्यांच्या जादा फेरीतली त्याची जागा गेली. खड्ड्यात उभं राहून आपण खड्ड्यात आहोत हे न कळणं, याचा अनुभव आपल्यापैकी काहींना असेल.

एक गोष्ट मात्र नियमात बसते. नीट उभं राहण्यासाठी पाय वाळूत रोवता येतात. मामा म्हणतात, “हातानं विचारायचं नाय, पण पायानं विचारायला कोण अडवत नाय.” पाय हलवत रोवताना तळव्याला सगळं कळतं. वाळू किती खोल आहे, खाली टणक आहे का, ओल आहे का. सहा वर्षांत मी एवढं एक नीट शिकले, की आधी पायांनी विचारायचं आणि मग हात उचलायचे.

चौथं कारण आपण स्वतः. भीती, घाई, वर उभे असलेले तिघं. हे कारण खरं आहेच. पण मी त्याला चौथा नंबर देते, पहिला नाही. का, ते सांगणारा एक प्रसंग आहे.

नामांकित खेळाडू वाळूला फारसे घाबरत नाहीत. वाईट चुकलेला चेंडू उंच गवतात जाण्यापेक्षा बंकरमध्ये जावा असं ते उघड म्हणतात. कारण त्यांच्या स्पर्धांमध्ये वाळू रोज सारखी केलेली असते आणि चेंडू कसा निघेल याचा अंदाज येतो. २००६ साली अमेरिकेतल्या मेमोरियल स्पर्धेत आयोजकांनी एकच बदल केला. लांब अंतरावर दात असलेली दाताळी वाळूवरून फिरवली, त्यामुळे वाळूत नांगरटीसारख्या सऱ्या पडल्या. चेंडू सरीत बसायला लागला. जगातले उत्तमोत्तम खेळाडू कुरकुरायला लागले. हात तेच, काठ्या त्याच, माणसं तीच. बदललं होतं फक्त दाताळं.

हे वाचल्यावर मी माझ्या सात फटक्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. माझी चूक होतीच, मी रेघ मारायला शिकले नव्हते. पण त्या दिवशी आदल्या रात्री पाऊस झाला होता, वाळूला पापुद्रा धरला होता आणि नंतरचे फटके मी माझ्याच पावलांच्या ठशांतून मारले होते. मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. मी फक्त एक निकाल लावला होता, “हा आपला प्रांत नाही.”

आता शाळेच्या खड्ड्यापाशी येते.

नववीत, तालुक्याच्या स्पर्धेसाठी लांब उडीची निवड होती. मी बरी धावायचे. पहिली उडी बरी गेली. दुसरीला मी सगळा जीव लावून धावले, पाय पुढे फेकले आणि खड्ड्यात बसकण मारून आपटले. वाळूत नाही, जमिनीवर आपटावं तशी. मनगट मुरगळलं. पण त्याहून मोठा आवाज हसण्याचा होता. तुमच्यापैकी तीन-चार जण आत्ताही हसताय, मला दिसतंय. त्यानंतर वर्षभर माझं जे नाव पडलं होतं ते मी सांगणार नाही. तेव्हाच मी पहिल्यांदा म्हटलं होतं, खेळ हा आपला प्रांत नाही. आणि तीस वर्षं ते पाळलं.

काल संध्याकाळी मी लवकर पोचले, म्हणून मैदानावर गेले. शिपाईकाकांकडून फावडं मागून घेतलं आणि त्या खड्ड्यात एका कोपऱ्यात खणून पाहिलं. चार बोटं वाळू. तिच्यात मैदानावरून वाहून आलेली काळी माती मिसळलेली. वर पापुद्रा. त्याखाली मुरूम, दगडासारखा. मघाशी म्हटलं होतं ना, गाळ मिसळला की वाळू पापुद्रा धरते? उडी मारणाऱ्याला वाळू हवी असते ती त्याचा वेग हळूहळू पिऊन टाकायला. गोल्फच्या काठीचा जोर जी वाळू खाते आणि आम्हाला रडवते, तीच वाळू उडी मारणाऱ्याची हाडं वाचवते. आमच्या खड्ड्यात वाळू नावालाच होती.

आज सकाळी मी पीटीच्या सरांना हे सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, “अगं, दर वर्षी वाळूची ट्रॉली मागायचो. फळ्याला रंग नसायचा तिथे वाळूला पैसे कुठून येणार? स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुम्हा मुलांकडून खड्डा उकरून घ्यायचो, तेवढंच हातात होतं.” सर, तुमच्या त्या उकरण्यामुळेच आमच्यातली बहुतेक मुलं धडपणे घरी गेली. हे आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

पण काल मला आणखी एक दिसलं. मी खणत होते तेव्हा आठवी-नववीतली एक मुलगी तिथे एकटीच सराव करत होती. धाव सुंदर. पण उडी घेतली की हवेत ती पाय आखडून घ्यायची आणि उभीच्या उभी खाली यायची. पाय पुढे फेकतच नव्हती. मी विचारलं, “पाय पुढे का टाकत नाहीस?” म्हणाली, “जमत नाही मॅडम.” मी तिला म्हटलं नाही काही. पण तिला जमत नाही असं नाही. तिच्या पायांनी त्या खड्ड्याला विचारून घेतलेलं आहे, आणि खड्ड्याने खरं उत्तर दिलेलं आहे.

म्हणून माझी एक सूचना. आपल्या बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं यावर संध्याकाळी चर्चा आहे. स्मार्ट बोर्ड, वॉटर कूलर, कमान, सगळं चांगलं आहे. त्या यादीत मी वाळू घालते. हिशेब केला आहे. खड्डा पावणेतीन मीटर रुंद, नऊ मीटर लांब, आणि वाळू चाळीस सेंटिमीटर खोल. म्हणजे दहा घनमीटरच्या जवळपास, साधारण साडेतीन ब्रास. तळाशी निचऱ्याला खडीचा थर. कडेने बंदिस्ती, म्हणजे काळी माती आत येणार नाही. पावसाळ्यात वर ताडपत्री. वाळू धुतलेली, गोल कणांची. बांधकामाची दगड फोडून केलेली क्रश सँड नको, तिचे कण एकमेकांत अडकतात. गोल्फला ते चांगलं, उडीला वाईट. वाळू कायदेशीर पावतीची हवी, हे आपल्यातल्या महसूल खात्यातल्या मित्राला वेगळं सांगायला नको. आणि एक दाताळं.

दाताळं का? गोल्फमध्ये एक रीत आहे. बंकरमधून चेंडू निघाला, चांगला निघो की वाईट, बाहेर पडण्याआधी आपल्या पावलांचे ठसे आणि आपण पाडलेला खळगा दाताळ्याने सारखा करायचा. मागून येणाऱ्याचा चेंडू आपल्या ठशात पडू नये म्हणून. मी सात फटके मारून चेंडू उचलून निघून गेले त्या दिवशी ते करायचं विसरले होते. मामांनी माझ्यामागे ते केलं, हे मला नंतर कळलं.

उद्या सकाळी सात वाजता मी मैदानावर जुनी वाळू उपसायला जाणार आहे. फावडी तीन आहेत. नववीत जे हसले होते, त्यांना पहिला मान.